फर्ग्युसनला शेती नाही : एका प्रवेशाचा प्रकरण अभ्यास

२०२४च्या मे महिन्यात, बारावीचा निकाल लागून चार-पाच दिवस झाले असतील, माझी एक विद्यार्थिनी वडिलांना घेऊन घरी आली. मी नाशकात ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. निकालानंतरचा महिनाभर गंगापूर रोडवरचा आमचा हॉल म्हणजे निम्मं चौकशी कार्यालय असतं. येणाऱ्या बहुतेकांचं ठरलेलं असतं, फक्त ते शिक्षकाच्या तोंडून वदवून घ्यायचं असतं. ही दोघं मात्र खरंच अडकली होती.

मुलीला पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज हवं होतं. तिलाच पिकांच्या रोगांचं शिक्षण घ्यायचं होतं, म्हणजे शेतीची पदवी. आणि फर्ग्युसनला शेतीची पदवी नाही. एरवी माझ्या हॉलमध्ये पोराला एक हवं असतं आणि आईबापाला दुसरं. इथे भांडण एकाच पोरीच्या पोटात चाललं होतं आणि वडील बिचारे बाजूला बसून चहाचा कप फिरवत होते.

(ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव आणि एकदोन तपशील झाकले आहेत.)

घर आणि बाग

निफाड तालुका, मुंबई-आग्रा रस्त्यापासून आत गेलं की वस्ती. चार एकर द्राक्ष, बहुतेक थॉमसन, थोडी काळी शरद. आजोबा, ज्यांना सगळे नाना म्हणतात, आई-वडील आणि लहान भाऊ. मुलगी अकरावीपासून नाशकात कॉलेज रोडजवळ रूम करून राहायची, शनिवारी दुपारी घरी जायची.

ती माझ्या लक्षात राहिली ती एका डब्यामुळे. २६ नोव्हेंबर २०२३, रविवार. त्या दिवशी निफाड-पिंपळगाव पट्ट्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. ज्यांच्या बागा गारेतून वाचल्या त्यांच्या मागे पुढच्या आठवड्यात डावणी लागली, द्राक्षाच्या पानांवर पडणारा रोग. ही पोरगी त्यानंतरच्या सोमवारी प्रॅक्टिकलला जेवणाचा स्टीलचा डबा घेऊन आली, आत ओल्या फडक्यात गुंडाळलेली सहा पानं. वरून तेलाचा थेंब सांडावा तसे पिवळट डाग. पान उलटं केलं की त्याच डागाखाली पांढरी लव.

"मॅडम, औषधवाले याला बुरशी म्हणतात. पण ही पुस्तकातल्या बुरशीसारखी दिसत नाही."

लव सुईनं खरवडून काचपट्टीवर घेतली, मायक्रोस्कोपखाली सरकवली. पानाच्या श्वासरंध्रातून निष्पर्ण झाडासारख्या फांद्या बाहेर आलेल्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला लिंबासारखी पिशवी. तिचं म्हणणं बरोबर होतं. डावणीचा जीव, प्लाझ्मोपारा व्हिटिकोला, खऱ्या बुरशीत मोडत नाही. त्याचं नातं समुद्रातल्या तपकिरी शेवाळांशी जास्त जवळचं. पावसाच्या पाण्यात त्या पिशव्या फुटतात आणि आतून पोहणारे बीजाणू निघतात. म्हणून तर पाऊस पडला की डावणी. बाकीची बॅच निघून गेली तरी ती डोळा लावून उभी. मला वर्ग बंद करायचा होता, हे प्रामाणिकपणे सांगते.

फर्ग्युसनचं मूळ दुसरीकडे होतं. नववीत असताना पुण्याच्या आतेबहिणीबरोबर ती एकदा तिथे गेली होती. दगडी इमारत, मोठी झाडं, मागची टेकडी. पण तिच्या डोक्यात बसलं होतं ते वेगळंच: संध्याकाळी सात वाजता मुली एकट्या पायऱ्यांवर पुस्तक घेऊन बसल्या होत्या आणि कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं.

एक गंमत मला तेव्हाच आठवली. फर्ग्युसन सुरू झालं १८८५ साली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण डावणीवर चालतं हे छापून जाहीर केलं. तेच आपलं बोर्डो. आजही बागेत शंभर लिटर पाण्याला किलो मोरचूद, किलो चुना असा एक टक्का बोर्डो मारतात. हिची दोन्ही वेडं एकाच वर्षी जन्मली. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती हसली, वडील हसले नाहीत.

पहिली भेट आणि माझी चूक

पहिल्या भेटीत मी म्हणाले, "फर्ग्युसनला वनस्पतिशास्त्र घे. त्यातही रोगशास्त्र येतंच. पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठात एमएस्सी ॲग्री कर, वनस्पती रोगशास्त्रात. दोन्ही जमेल." वडिलांनी खिशातल्या छोट्या डायरीत लिहून घेतलं. दोघं समाधानानं गेली.

सल्ला चुकीचा होता. तीन दिवसांनी, दुसऱ्याच कामासाठी, राहुरीहून एमएस्सी केलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याशी बोलणं झालं. सहज विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, बॉटनीवाल्याला आमच्याकडे पॅथॉलॉजीला कोण घेतंय? आधी बीएस्सी ॲग्री लागते, नाहीतर हॉर्टिकल्चर." आम्ही जीवशास्त्राचे लोक वनस्पती म्हणजे वनस्पती असं धरून चालतो. नियम तसं धरत नाहीत.

मी त्याच संध्याकाळी वडिलांना फोन करून परत बोलावलं. "डायरीतलं पान फाडा," असं म्हणाले. त्यांनी ते फाडलं नाही, फक्त आडवी रेघ मारली.

घोळ कशात आहे

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की एका कॉलेजला एक विषय नाही, एवढंच. इथे तेवढंच नव्हतं. महाराष्ट्रात शेतीचं शिक्षण नेहमीच्या विद्यापीठांत सहसा नसतंच. त्यासाठी चार कृषी विद्यापीठं आहेत: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. नाशिक जिल्हा येतो राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे, जे १९६८ला झालं. फर्ग्युसन स्वायत्त असलं तरी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या छत्राखाली. म्हणजे हे दोन वेगळे रूळ आहेत आणि मध्ये सांधा जवळपास नाही. फर्ग्युसनमध्ये कितीही चांगले मार्क पाडले तरी त्या पदवीवर 'कृषी' हा शब्द येणार नाही.

आणि पुढे बऱ्याच ठिकाणी दारावर नेमका तोच शब्द विचारतात. एमपीएससीची कृषी सेवा, बँकेतला कृषी क्षेत्र अधिकारी, गावातला कृषी सहायक (आताचा सहायक कृषी अधिकारी), सगळ्यांना शेती किंवा तिच्या जोडविषयांतलं शिक्षण लागतं. वडिलांना यातलं कृषी अधिकारीपद मनातून हवं होतं. बोलले नाहीत, पण 'जीप' हा शब्द दोनदा आला.

बॉटनी म्हणजे वाया, असं मात्र कुणी समजू नये. कवकशास्त्र आणि रोगशास्त्र तिथेही शिकवतात, संशोधनाला जाता येतं, प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा देता येते, जैवतंत्रज्ञान किंवा सूक्ष्मजीवशास्त्रासारख्या विषयांत काही कृषी संस्थांची दारंही उघडतात. ज्ञान मिळतं. हिला हवा असलेला शिक्का मिळत नाही.

माझी अडचण अशी की त्याच आठवड्यात आणखी एक मुलगा येऊन गेला होता. पांडवलेण्यातले ब्राह्मी शिलालेख बघून वेडा झालेला, गौतमी बलश्रीचा लेख अर्धा पाठ. त्याला पुरातत्त्व करायचं होतं आणि त्याच्या आवडत्या कॉलेजला तो विषय नव्हता. त्याला मी निश्चिंतपणे म्हणाले, जा तिथेच. कारण पुण्याच्या डेक्कन कॉलेजला पुरातत्त्वाचं एमए कुठल्याही शाखेचा पदवीधर करू शकतो. तीन वर्षं तो इतिहास शिकला काय, भूगोल शिकला काय, दार शाबूत. वरवर दोघांचा प्रश्न एकच. पण पुरातत्त्वाचं दार पदवीनंतर उघडतं आणि शेतीचं बारावीनंतरच. आर्किटेक्चरचं तसंच आहे. मी त्या मुलाचं उत्तर हिला चिकटवलं होतं.

दुसरी भेट

यावेळी आई आणि नानाही आले. दोन तास चाललं. सगळं लिहीत नाही.

वडिलांनी २०१० सालची गोष्ट काढली. त्या वर्षी भारतातली द्राक्षं युरोपात अडकली, सीसीसीचा, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, अंश सापडला म्हणून. वाढ रोखायला बागेत सर्रास वापरलं जाणारं औषध, त्यावर इतकी बारीक नजर असेल हे इथे फारसं कुणाच्या ध्यानात नव्हतं. "माल गेला, पैसे आले नाहीत. रिपोर्ट आला इंग्रजीत. तीन पानं. गावात कुणाला कळंना. मी तो सलूनवाल्याच्या पोराकडून वाचून घेतला, तो बारावी नापास." त्यांना घरात तो कागद वाचणारं माणूस हवं होतं.

यावर मी एक तिसरी वाट पुढे ठेवली आणि ती अजूनही मला वाईट वाटत नाही. फळातले औषधांचे अवशेष तपासणारी प्रयोगशाळा चालते रसायनशास्त्रावर. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथे याच कामाची मोठी प्रयोगशाळा आहे. फर्ग्युसनला रसायनशास्त्र घेतलं तर कॉलेजही मिळतं आणि द्राक्षंही सुटत नाहीत. वडिलांचे डोळे चमकले. मुलगी म्हणाली, "मला मशीनवरचा आकडा नाही बघायचा. मला पान बघायचंय."

बरं.

मग मी तिला वही दिली. म्हणाले, फर्ग्युसन हे नाव न लिहिता तिथून तुला काय काय हवंय ते लिही. तिनं लिहिलं: पुणे. मोठी लायब्ररी. टेकडी. इंग्रजी नीट बोलता येणं. रात्री उशिरापर्यंत वाचत बसता येणं. शेवटची ओळ लिहून खोडली होती, पण बॉलपेनची खोडलेली ओळ वाचता येते: 'जिथे मला कुणी ओळखत नाही असं गाव.'

ती ओळ मी मोठ्यानं वाचली नाही. पण त्या ओळीनं एक पर्याय आपोआप कापला गेला. वडिलांचा मनातला पर्याय होता नाशकातलंच खासगी कृषी महाविद्यालय. पोरगी नजरेसमोर, फी जास्त असली तरी राहण्या-खाण्याचा खर्च नाही, सुट्टीत बागेला हात. सोयीचा होता, वाईटही नव्हता. पण तिला अकरावीपासूनची तीच बस, तीच रूम आणि स्टँडवर "कुणाची गं तू" विचारणारी तीच माणसं चार वर्षं पुन्हा नको होती.

पुण्याचं कृषी महाविद्यालय शिवाजीनगरला आहे, फर्ग्युसनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. ते मिळालं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. सोळा जूनला सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, निकाल आला आणि तिचे पर्सेंटाइल तिथे पोहोचणारे नव्हते. एक वर्ष गॅप घेऊ का, असं तिनं विचारलं. मी नाही म्हणाले. गॅप घ्यावा तो ज्याचा अभ्यासच झाला नव्हता त्यानं. हिचा झाला होता, पेपर तेवढा गेला होता. पुढच्या वर्षी तोच पेपर तसाच जाणार नाही याची हमी कोण देणार?

दोन दगडांवर पाय

जुलै-ऑगस्टमध्ये काय केलं ते थोडक्यात. फर्ग्युसनला वनस्पतिशास्त्रासाठी प्रवेश घेतला, कारण तिथले प्रवेश आधी होतात आणि कृषीच्या कॅप राउंडच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या, याद्या उशिरा, पावसाळा निम्मा सरल्यावर. कृषीचा पसंतीक्रम भरला: पुणे, धुळे, कोल्हापूर आणि शेवटी नाशकातली खासगी कॉलेजं. क्रम भरताना वडील म्हणाले, "मिळणार नाही ते पुणं वर कशाला?" पालकांचा हा गैरसमज नेहमीचा आहे. न मिळणारं वर लिहिलं म्हणून खालचं हातचं जात नाही. जे जास्त हवं ते वर, एवढंच.

त्यांना दुसरी भीती फीची होती. त्या वर्षीच्या यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमानं ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत आणि मूळ कागदपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत. तो कागद मी त्यांना छापूनच दिला. डायरीत घडी घालून ठेवला.

मला वाटलं होतं की फर्ग्युसनमधले आठवडे म्हणजे वेटिंग रूम. तसं झालं नाही. ती तिथे खूश होती. रोज टेकडीवर जायची, लायब्ररीचं कार्ड मिळालं त्याचा फोटो पाठवला, मैत्रिणी झाल्या. एका फोनवर म्हणाली, "मॅडम, इथे मी वेगळी मुलगी आहे." मला तेव्हा वाटलं, राहू दे तिला. पोरगी फुलतेय आणि आपण शिक्क्याच्या मागे लागलोय. हे मत मी तिला सांगितलं नाही. एकदा चुकीचा सल्ला देऊन झालं होतं.

दुसऱ्या फेरीत धुळ्याचं शासकीय कृषी महाविद्यालय लागलं.

फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही. मी दोन दिवस थांब म्हणाले. त्या दोन दिवसांत तिनं एक काम केलं जे मी सुचवलं नव्हतं आणि सुचवायला हवं होतं. दुपारच्या तासाला दांडी मारून ती शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाच्या शेताकडे चालत गेली. सुरक्षारक्षकानं कशाला आलात विचारलं तेव्हा "भाऊ आहे इथे" म्हणून थाप मारली. आत तिच्याच वयाची पोरं-पोरी पँटा दुमडून चिखलात उभी होती आणि एका-एका रोपाची पानं मोजून वहीत लिहीत होती. ती कुंपणापाशी अर्धा तास उभी राहिली. रात्री मेसेज आला: 'धुळे.' एवढाच.

त्यानंतरचं

फी परत आली, वेळ लागला पण आली. खासगी हॉस्टेलचं डिपॉझिट निम्मंच आलं, त्याला यूजीसी काही करू शकत नाही. आतेबहीण रुसली. आत्यानं "फर्ग्युसन सोडून कुणी धुळ्याला जातं का" हे वाक्य त्या दिवाळीत निदान चार घरांत ऐकवलं.

पहिलं सत्र वाईट गेलं, हेही लिहायला हवं. बीएस्सी ॲग्रीत एक विषय धरून बसता येत नाही. माती, पीक उत्पादन, अर्थशास्त्र, विस्तार, जनावरं, अवजारं, सगळं थोडं थोडं शिकायचं, चार वर्षांत आठ सत्रं आणि शेवटच्या वर्षी 'रावे'साठी, म्हणजे ग्रामीण शेतीकामाच्या अनुभवासाठी, गावात मुक्काम. रोगशास्त्राला तिच्या मनासारखा वेळ पहिल्या वर्षी नव्हताच. वर धुळ्याचं ऊन. ती म्हणाली, "मॅडम, इथे द्राक्षाचा विषयच कुणी काढत नाही. सगळं कापूस नाहीतर बाजरी." डिसेंबरात तिनं आतेबहिणीला विचारलं होतं की फर्ग्युसनला परत घेतात का. हे मला वर्षभरानंतर कळलं.

धुळ्याला बाजरीवरच्या संशोधनाचं जुनं काम आहे. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात ती तिथल्या बाजरीच्या प्लॉटमध्ये रमायला लागली, का ते मला दिवाळीला समजलं. २०२५च्या दिवाळीत त्यांच्या वस्तीवर फराळाला गेले होते. तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी आणून ओट्यावर ठेवलं. बाजरीचं कणीस होतं, पण दाणे नव्हतेच. दाण्यांच्या जागी हिरव्या वेड्यावाकड्या पानांचा झुबका, जटा पिंजारल्यासारखा.

नाना सुपारी कातरत होते. मान वर करून म्हणाले, "हा तर गोसावी."

"तुम्हाला कसं माहीत?"

"आमच्या लहानपणी बाजरीच होती इथं. द्राक्षं कुठं होती? गोसावी पडला की वर्ष गेलं."

ती नानांपुढे मांडी घालून बसली. म्हणाली, "नाना, हा गोसावी आणि आपली डावणी एकाच कुळातले." गोसावी म्हणजे बाजरीचा केवडा, तोही डावणीसारखा, बुरशी दिसणारा पण बुरशी नसलेला जीव. डब्यातली ती सहा पानं मला आठवली. मी काही बोलले नाही, चकली खात राहिले.

"मग त्यालाबी मोरचूद मारा की," नाना म्हणाले.

"तसं नाही होत. हा आतून येतो. मातीतनं, कोवळ्या रोपात. वरून मारून उपयोग नाही. बियाण्यालाच औषध चोळायचं, नाहीतर ज्याला तो लागतच नाही असं वाण पेरायचं." मग ती पानाची आणि मातीची चित्रं जमिनीवर बोटानं काढायला लागली आणि नाना अडकित्ता थांबवून बघत बसले.

वडील मागे दारात उभे होते, हातात बॅटरी, छाटणीनंतरची बाग नुकतीच फुटलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग खाकरून म्हणाले, "ताई, सकाळी जरा चौथ्या ओळीत ये. एक पान दाखवायचंय तुला."